दहा शिलिंगांचा तांबट

मी जुन्या नोटा विकते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी दाराकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, ‘त्या बंद झालेल्या?’ हो, बंद झालेल्याच. पण आपल्याकडच्या नव्हेत. घाना, झांबिया, युगांडा, केनिया, मालावी इथल्या. साहेब गेला, झेंडा बदलला आणि या देशांनी मोठ्या हौसेनं स्वतःच्या पहिल्यावहिल्या नोटा छापल्या, त्या. नाशकात शालिमारजवळच्या एका मार्केटमध्ये पहिल्या मजल्यावर माझा गाळा आहे. डावीकडे शिलाई मशीन दुरुस्त करणारे, उजवीकडे दातांचा दवाखाना. नंबर यायला वेळ असला की पेशंट माझ्याकडे डोकावतात आणि सुजलेला गाल धरून आफ्रिका बघतात. तीसेक वर्षं हा धंदा करतेय. पासष्टी ओलांडली, गाळा आता रोज उघडत नाही. पण चांगली नोट समोर आली की अजूनही पोटात गुदगुल्या होतात. त्याला इलाज नाही.

आमचे हे, म्हणजे वसंतराव, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. त्यांचा आवडता टोमणा असा : ‘देशाच्या नोटा जिथं छापतात त्या नाशकात राहून हिला झांबियाच्या नोटा लागतात. म्हणजे मी ओझरला नोकरी करून विमान बघायला परगावी जायचं!’ असं म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला भिंग घेऊन माझ्या शेजारी बसतात.

सुरुवात पोस्टाच्या तिकिटांपासून झाली. शाळेतली मुलं सुटीत तिकिटं घ्यायला यायची. तिकिटांचा धंदा आवरणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बुटांचं एक खोकं दिलं. त्याच्या तळाशी एक तांबूस नोट होती. पुढे मोठी चांदणी, मागे कसल्या तरी फळांचे दोन ढीग. मला वाटलं, फणस. ह्यांना वाटलं, पपया. दातांच्या डॉक्टरांना दाखवली तर ते चष्मा वर करून म्हणाले, ‘दुधी आहे. गावठी.’ पुढे कळलं की ती कोकोची फळं, ज्यांच्या बियांपासून चॉकलेट होतं; आणि नोट घानाची, स्वातंत्र्यानंतरची पहिली. मी कितीतरी वेळ त्या ढिगांकडे बघत बसले. नवा कोरा देश, सगळ्या जगाला दाखवायला पहिली नोट काढायची, आणि त्यावर छापायचं काय? तर शेतातला माल! सटाण्याच्या मार्केटात कांद्याचे ढीग लागतात तसे ढीग. मला इतका आनंद झाला की मी गाळा बंद करून ह्यांना फोन करायला खाली पळाले. ती नोट मी पुढे एका मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकली. नंतर तशा आणखी आल्या, पण तीच हवी होती असं आजही वाटतं.

बाहेरच्यांना या धंद्यातली गंमत कळत नाही, म्हणून सांगते. आधीच्या नोटांवर इंग्लंडची राणी असायची. देश स्वतंत्र झाला, राणी काढली. आता तिच्या जागी काय? प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं. कुणी पक्षी घातला, कुणी धबधबा, कुणी कापूस वेचणारी माणसं. पूर्व आफ्रिकेत मध्यंतरी एक नोट निघाली. राणी तर काढली होती, पण नवीन देशांच्या स्वतःच्या नोटा अजून यायच्या होत्या. मग तिथे चक्क एक तळं छापलं आणि तळ्यात शिडाची होडी. लग्नाचा फोटो येईपर्यंत भिंतीवर कॅलेंडर लावून ठेवावं तसं! हे सांगताना मी हसायला लागते आणि गिऱ्हाईक घाबरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नोट कोरी हवी. घडी पडली की किंमत उतरते, डाग पडला की आणखी उतरते. पण डाग आणि घडी परवडली. नोट ‘नीट’ करणारा माणूस परवडत नाही. मालेगावचे सलीमभाई हे त्यातले मुकुटमणी. त्यांचे चार लूम आहेत आणि जुन्या पेट्या, सुटकेसा विकत घेण्याचा छंद आहे. युगांडाहून परतलेल्या एका कुटुंबाच्या सुटकेसच्या अस्तरात त्यांना दहा शिलिंगांची नोट मिळाली. मागे कापूस वेचणारी माणसं. फोनवर सांगितलं तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या दिवशी ते गाळ्यात आले आणि पेपरातून नोट काढून टेबलावर ठेवली. ती टक्कन वाजली.

‘देखो भाभी, कैसी कडक करके लाया! साबणानं धुतली, स्टार्चमध्ये बुडवली, वरून इस्तरी मारली. एकदम नवी.’

मी डोक्याला हात लावला. नोटेवरचा बोटाला लागणारा छपाईचा सगळा उठाव सपाट झाला होता आणि कापूस वेचणाऱ्यांचे चेहरे पुसट. सलीमभाईंना समजावलं तर ते माझ्यापेक्षा जास्त दुःखी झाले. ‘आमच्याकडे कपडा असाच तयार होतो ना!’ त्यांचंही बरोबर होतं. ती नोट मी विकली नाही. काचेखाली लावली आहे आणि नवीन गिऱ्हाइकांना इस्तरीचे परिणाम म्हणून दाखवते.

आता मुख्य गोष्ट.

झांबियाच्या पहिल्या मालिकेतली दहा शिलिंगांची नोट मला कित्येक वर्षं हवी होती. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा पौंड-शिलिंग चालायचे. थोड्याच वर्षांत त्यांनी ते बंद करून क्वाचा आणला, त्यामुळे पौंडाच्या नोटा कमी. दहा शिलिंगांच्या नोटेवर पुढे एक पक्षी आहे, आपल्या तांबटाच्या जातीचा. आपला तांबट हिरवा. हा पांढराशुभ्र, पंख काळे. मागच्या बाजूला शेत, आणि एकाच शेतात ट्रॅक्टरही चाललाय आणि बैलांचा नांगरही. मला मिळायच्या त्या नोटा म्हणजे भाजीच्या पिशवीत राहिलेल्या पावत्याच. कोरी एकही नाही.

तर गेल्या वर्षी ह्यांचे कारखान्यातले एक मित्र घरी आले. मूळचे सटाण्याचे. चहा पिता पिता सहज म्हणाले, ‘आमच्या गल्लीत निंबा गुरुजी आहेत. तरुणपणी आफ्रिकेत गणित शिकवायचे. पक्ष्याची एक नोट दाखवतात सगळ्यांना.’

‘कसला पक्षी?’ मी विचारलं.

‘पांढरा. बगळा असेल.’

माझ्या हातातली बशी निसटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सटाण्याच्या एसटीत होतो.

गुरुजी ऐंशीच्या पुढचे. उंच, ताठ, पांढरा सदरा, डोळ्यांना जाड चष्मा. मुलगा कांद्याचा व्यापारी, त्यामुळे ओसरीवर गोण्यांची रास. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून त्यांनी आत जाऊन एक जाड शब्दकोश आणला, मधोमध उघडला. आत तीच नोट. कोरी. एकही घडी नाही. कोपरे असे की बोटाला टोचावेत. उजेडाकडे धरली तर कागदात विल्डबीस्टचं डोकं, म्हणजे तिकडच्या त्या दाढीवाल्या हरणाचं, लख्ख दिसलं.

‘गुरुजी, काय म्हणाल ते देते,’ मी म्हणाले. धंद्यात असं कधीही म्हणू नये. मी म्हणाले.

‘इकानी नई शे,’ गुरुजी म्हणाले. मग आमच्याकडे बघून शुद्ध मराठीत सांगितलं, ‘विकायची नाही.’

त्यांच्या पत्नी, घरात सगळे त्यांना माय म्हणतात, चहा घेऊन आल्या. ‘नका मागू, ताई. सोन्याची पोत मोडली एकदा, पण हाई नोट नई मोडी त्यासनी.’

मग गुरुजींनी सगळं सांगितलं. देश नवा होता, शाळा निघत होत्या, शिक्षक कमी. जाहिरात बघून हे सटाण्याच्या या बागलाणातून थेट दक्षिण झांबियात, चोमा नावाच्या गावी पोचले. रेल्वेच्या रुळालगत शाळा, वर्गाबाहेर उंबराचं झाड, आणि त्या उंबरावर हाच पक्षी. फक्त त्या भागातच सापडतो म्हणे. ‘नवीन नोट आली तेव्हा पोरं ओरडली, सर, आपला पक्षी पैशावर बसला! त्या दिवशी मी गणित शिकवलंच नाही. सगळा वर्ग घेऊन उंबराखाली बसलो. एकदा नोटेकडे बघायचं, एकदा वर.’

‘मग परत का आलात?’ ह्यांनी विचारलं.

‘वडील गेल्याची तार आली. वर्गात अपूर्णांक चालले होते. पोरांना सांगितलं, महिनाभरात येतो. शेती, भाऊबंदकी, धाकट्या बहिणी... जाणं झालंच नाही. ही नोट या शब्दकोशात होती तशीच आली.’ गुरुजींनी चष्मा पुसला. ‘पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. खिडकीजवळ एक मुलगी बसायची, मुटिंटा. इंजिन ड्रायव्हरची मुलगी. काय डोकं होतं! फळ्यावर गणित लिहून व्हायच्या आत उत्तर. तिचं पुढे काय झालं, एवढंच मला रात्रंदिवस वाटतं.’

मग एकदम ताठ बसून ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही व्यापारी ना? व्यवहार करू. मुटिंटाला शोधून काढा. नोट तुमची.’

परतताना एसटीत हे म्हणाले, ‘साठ वर्षांपूर्वीची मुलगी, नुसतं नाव माहीत, आणि आफ्रिका खंड. झालं तुझं कल्याण.’ पण मला आतून उकळ्या फुटत होत्या. कारण नोटांचा नाद असलेली माणसं जगभर असतात, आणि एकमेकांसाठी ती वाटेल ते करतात. लुसाकाचे चांदा म्हणून एक गृहस्थ आहेत. आमची वर्षानुवर्षं नोटांची अदलाबदल चालते. माणूस रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याच संध्याकाळी मी त्यांना सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं : ‘मॅडम, मुटिंटा? हे म्हणजे मी तुमच्याकडे एखादी लता शोधून मागण्यासारखं आहे.’

तिकडे म्हणे ओळीनं मुलीच होत असल्या आणि मग मुलगा झाला, किंवा ओळीनं मुलगे होऊन मुलगी झाली, की त्या बाळाचं नाव मुटिंटा. त्यामुळे घरोघरी मुटिंटा. आणि खरंच, पहिला जो फोटो आला तो पांढऱ्या दाढीच्या एका आजोबांचा होता. मी तो गुरुजींना पाठवला. गुरुजींचा फोन आला, ‘ताई, अभ्यासानं माणूस बदलतो. पण इतका नाही.’

मग आल्या त्या मुटिंटा नर्सबाई. मग एक मुटिंटा कोंबड्यांचा व्यवसाय करणाऱ्या. त्यांनी कळवलं की आपण ती नव्हे, पण गुरुजी हवे असतील तर आपल्याला नातवासाठी गणिताचे शिक्षक पाहिजेतच. चांदासाहेबांना इतका चेव चढला की ते स्वतः गाडी काढून चोम्याला गेले आणि जुन्या इंजिन ड्रायव्हरांच्या घरांची चौकशी करत फिरले. माझ्या घरात या काळात दुसरा विषय नव्हता. भाजीवाली विचारायची, ‘सापडली का हो तुमची मुटिंटा?’ दातांचे डॉक्टर तर भूल दिलेल्या पेशंटला सोडून बातमी विचारायला यायचे.

आणि एक दिवस चांदासाहेबांचा फोन आला. पलीकडून ते नुसते हसत होते. शेवटी म्हणाले, ‘मॅडम, मी तिच्या अंगणात उभा आहे. मी विचारलं, तुम्हाला गणिताला कोण होतं? तर ही बाई उठून उभी राहिली. नाव घ्यायला उभी राहिली, मॅडम!’

शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. आम्ही सटाण्याला पोचलो तर निंबा गुरुजींच्या घरात लग्नघर. मुलानं फोन टीव्हीला जोडलेला. गल्लीतली माणसं ओसरीवर, दोन हमाल गोण्यांवर चढून बसलेले, मायनं पुरणपोळ्या केलेल्या. ‘तिला इथून काय पुरणपोळी देणार?’ मुलानं विचारलं. ‘दखाडसू तरी,’ माय म्हणाली. दाखवीन तरी! गुरुजींनी नवा सदरा घातला होता. रिंग वाजायला लागली तशी त्यांनी ती नोट माझ्या हातात कोंबली. ‘आधी व्यवहार पुरा. नंतर माझं भान राहायचं नाही.’

पडद्यावर एक सत्तरीची बाई आली. डोक्याला निळा रुमाल, मोठा चष्मा, मागे अंगणात पोरांची झुंबड. तिने टीव्हीसमोर पसरलेल्या आमच्या गर्दीकडे पाहिलं, शोधत शोधत गुरुजींवर थांबली आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही महिनाभरात येतो म्हणाला होतात.’

गुरुजी टीव्हीजवळ सरकले. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, ‘मुटिंटा, अपूर्णांक पूर्ण झाले का?’

ती अशी खळखळून हसली की पडदा हलला. ‘झाले, सर. तुमच्यानंतर कुणी आलं नाही. मग मीच वर्गाला शिकवले. नंतर आयुष्यभर तेच केलं. गणिताचीच शिक्षिका झाले, त्याच शाळेत. आणि सर, तुम्ही आम्हाला एक गाणं शिकवलं होतं. त्याचा अर्थ मला आजवर कुणी सांगू शकलं नाही. पण गाणं चांगलं आहे, म्हणून मी माझ्या सगळ्या वर्गांना शिकवलं. आता नातवंडांना.’

‘गाणं?’ गुरुजी गोंधळले. ‘मी आणि गाणं?’

तिनं मागे वळून हात वर केला. अंगणातली पोरं रांगेत उभी राहिली, एकानं पायानं ठेका धरला, आणि दक्षिण झांबियातून आमच्या कानावर खणखणीत आलं :

‘बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!’

त्यानंतर काय झालं ते मला क्रमानं सांगता येणार नाही. माय टाळ्या वाजवत होती. गोणीवरचे हमाल ओरडले, ‘बे चोक आठ!’ तिकडून पोरं आणखी जोरात, ‘बे पंचे दहा!’ आमचे हे, ज्यांना आयुष्यात कधी मी गाताना ऐकलं नाही, ते ताल धरून गात नाचत होते. पाढा संपला की पुढचा. चांदासाहेब मधेच पडद्यात घुसून हात हलवत होते. मायनं पुरणपोळी कॅमेऱ्यासमोर धरली आणि तिकडे पोरांनी तोंडं उघडली. गुरुजी रडत होते आणि रडता रडता प्रत्येक पाढ्याला मान डोलावत होते. आपण गणित शिकवताना नकळत पाढे मराठीतून म्हणायचो, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

पोळ्या खाऊन, गळाभेटी होऊन आम्ही शेवटच्या गाडीने निघालो. देवळा गाव मागे पडल्यावर हे म्हणाले, ‘दाखव बरं तुझा तांबट.’ मी पर्स उघडली. पर्समध्ये चष्मा होता, गोळ्या होत्या, मायनं बांधून दिलेल्या दोन पोळ्या होत्या. नोट नव्हती. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मी ती कुठेतरी ठेवली होती. तीस वर्षांचा धंदा, आणि मी कोरी नोट दुसऱ्याच्या घरात टाकून आले! मी हसायला लागले ती नाशिक येईपर्यंत थांबले नाही. कंडक्टरनं ह्यांना विचारलं, ‘बाईंना बरं आहे ना?’

पुढच्या शनिवारी परत गेलो. गल्लीच्या तोंडापासूनच आवाज ऐकू येत होता. दारात मायनं तोंडावर बोट ठेवून आम्हाला अडवलं आणि माझ्या हातात साखरेचा रिकामा डबा दिला. डब्यात माझी नोट होती, त्या दिवशी पोळ्यांच्या ढिगाखाली सापडलेली. एका कोपऱ्यावर तुपाचा बोटभर डाग पडलेला. व्यापारी म्हणून सांगायचं तर निम्मी किंमत गेली. मी ती पर्समध्ये ठेवली. ती काही आता विकायची नाही.

आत टीव्हीवर चोम्याची पोरं दाटीवाटीनं बसली होती. गुरुजी छडीसारखी फुटपट्टी धरून समोर उभे. सातचा पाढा चालला होता.

‘सात सक चव्वेचाळीस!’ तिकडून एक जण ओरडला.

‘चूक!’ गुरुजींचा आवाज माडीपर्यंत गेला. ‘बेचाळीस! परत पहिल्यापासून!’

पडद्याच्या कोपऱ्यात मुटिंटाबाई तोंडाला पदर लावल्यासारखा निळा रुमाल लावून हसत होत्या. आमची चाहूल लागली तशी गुरुजींनी वळूनही न बघता फुटपट्टीनं मागच्या गोण्या दाखवल्या.

‘उशिरा येणाऱ्यांनी मागे बसायचं.’

आम्ही दोघं मुकाट्यानं गोणीवर जाऊन बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.